ओझं कुणापुढे उतरवायचं?

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मराठी चित्रपटानं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. जवळचं कुणीतरी जातं. मागे एक मूल किंवा नुकताच जाणता झालेला तरुण उरतो. कुठं ठळकपणे, कुठं पुसटशी, पण आपलंच काहीतरी चुकलं अशी टोचणी त्याला लागलेली असते. मग तो वाटेला लागतो किंवा लावला जातो, आणि परततो तेव्हा पहिल्यासारखा राहिलेला नसतो. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (२००९), अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४), सचिन कुंडलकर यांचा ‘हॅप्पी जर्नी’ (२०१४), मकरंद माने यांचा ‘रिंगण’ (२०१५), सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१६), मंगेश जोशी यांचा ‘कारखानीसांची वारी’ (२०२०) आणि रोहन कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ (२०२५) ही या गोष्टीची वेगवेगळी रूपं आहेत. ती एकत्र पाहिली की एक प्रश्न उभा राहतो. या प्रवासात माणसाला बरं करणारं नेमकं काय असतं? सर्रास दिलं जाणारं उत्तर सोपं आहे: मोकळी हवा, नवा मुलूख, अंतर आणि गेलेला वेळ. मला ते पुरेसं वाटत नाही. या सगळ्या चित्रपटांतला आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जुन्या मराठी वाङ्मयातला पुरावा वेगळ्याच दिशेला बोट दाखवतो. रस्त्यानं शोक हलका होत नाही. रस्त्यावर कुणीतरी ऐकून घेणारं भेटतं, त्यानं अपराधाचं ओझं हलतं. या गोष्टीची सर्वांत खोल मुळं जळगाव-धुळ्याच्या मातीत सापडतात, म्हणून हा आढावा खानदेशात उभा राहून घेतला आहे.

आधी शोक आणि अपराधभाव यांतला फरक नीट पाहायला हवा, कारण बहुतेक परीक्षणांत हे दोन शब्द जोडीनं येतात आणि एकच होऊन जातात. शोकाला आपल्याकडे रीत आहे. खानदेशात कुणी गेलं की पाहुणे, भाऊबंद, शेजारी दारवर येतात, बसतात, रडतात, गप्प राहतात. दहावा होतो, उत्तरकार्य होतं, गंधमुक्तीचा दिवस ठरतो आणि त्या दिवशी सुतक उतरतं. पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं घागर भरली जाते. त्याच आखाजीला लेकी माहेरी येतात आणि झोके बांधले जातात, म्हणजे मेलेल्यांची आठवण आणि जिवंतांचं परतणं एकाच सणात सामावलेलं असतं. ही रचना शतकानुशतकं माणसांना सावरत आली आहे आणि तिचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. पण या साऱ्या रीतीत ‘माझ्यामुळे झालं’ किंवा ‘मी वेळेवर आलो नाही’ हे म्हणायला जागा नाही. दारवर आलेला माणूस फार तर म्हणतो, ‘देवाची मर्जी, तू काय करणार?’ त्या एका वाक्यात सांत्वन आहे, पण त्यानंच कबुलीचं दारही लागून जातं. लहान मुलं तर या रीतीच्याही बाहेर असतात. त्यांना शेजारच्या घरी पाठवलं जातं, ‘देवाघरी गेली’ असं सांगितलं जातं. शोक घरात वाटला जातो, अपराध मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. तो घरात बोलता येत नाही, म्हणूनच या कथांमधलं पोर घर सोडतं.

हे आजच्या मानसशास्त्राचं ज्ञान जुन्या काळावर लादणं नव्हे. मराठी परंपरेच्या मुळाशी जी चार भावंडं आहेत, त्यांची कथा याच धाग्याची आहे. परंपरा सांगते की आपल्या मुलांना समाजानं स्वीकारावं म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणी यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई हे आईबापांच्या मरणाचं कारण ठरून जगात उरले. दोष त्यांचा नव्हता, पण भार त्यांच्यावर होता. ही अनाथ मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली. त्या प्रवासातून त्यांना समाजाचा कागद मिळाला असेल, मन मोकळं झालं असं कथा कुठं म्हणत नाही. मन मोकळं होण्याचा प्रसंग वेगळा आहे आणि तो रस्त्यावर नाही, एका बंद झोपडीच्या दारात आहे. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात आणि सगळ्यांत धाकटी मुक्ताई बाहेरून त्यांना समजावत राहते. ताटीचे अभंग म्हणून मराठी माणूस जे ओळखतो, ते एका लहान बहिणीनं मोठ्या भावाचं ऐकून, ओळखून, त्याला बाहेर आणण्याचं काम आहे. पुढे १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले, आणि परंपरेनुसार १२९७ मध्ये तापीकाठी मेहूण इथं विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाल्या. ज्यांनी सर्वांचं ऐकलं त्यांचा शेवट खानदेशात झाला. आज मुक्ताईनगर तालुक्यातल्या कोथळीहून निघणारी त्यांची पालखी बुलढाणा, जालना, बीड असा लांबचा पल्ला पायी तोडून पंढरपूरला पोहोचते. शोकाचा आणि चालण्याचा इतका जुना संबंध ज्या जिल्ह्यात दरवर्षी पायांनी उजळला जातो, तिथं ‘रोड मूव्ही हा आपला प्रकार नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

दुसरा पुरावा अमळनेरचा आणि धुळ्याचा. साने गुरुजी जन्मानं कोकणातल्या पालगडचे, पण त्यांचं शिक्षकपण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात घडलं. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती या ऐकणाऱ्यामुळे. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात याच माणसानं ‘श्यामची आई’ लिहिलं. या क्रमाकडे फारसं लक्ष दिलं गेलेलं नाही. जो धुळ्यात श्रोता होता, तो नाशिकला सांगणारा झाला. ‘श्यामची आई’ला मराठी घरांत संस्कारांचं पुस्तक म्हणून बसवलं गेलं, पण त्याचा गाभा अपराधाचा आहे. आईला दिलेले छोटे छोटे त्रास, तिच्या कष्टांकडे झालेलं दुर्लक्ष आणि शेवटी शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला तिचं अखेरचं दर्शनही न मिळणं, हे सगळं श्याम एकट्यानं आठवत बसलेला नाही. तो आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र सांगतो आणि पुस्तकाची प्रकरणंही रात्रींचीच आहेत. बेचाळीस रात्री ऐकणारे लाभले म्हणून ती कबुली पूर्ण झाली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि त्यानं सारा महाराष्ट्र रडवला. आईचं वात्सल्य त्यानं अमर केलं, पण माझ्या मते श्यामची टोचणी त्यात मागे पडली. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये पुन्हा तोच विषय कृष्णधवल पडद्यावर आणला आणि सांगणाऱ्या गुरुजींना कथेत जागा दिली. हे योग्य पाऊल होतं, कारण सांगणारा आणि ऐकणारा यांच्याशिवाय श्यामची कथा अर्धीच राहते.

तिसरा पुरावा सर्वांत कठोर आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची. लेखक यावल तालुक्यातल्या सांगवीचा आणि नायक पांडुरंग सांगवीकरही त्याच मुलखातून पुण्याला शिकायला गेलेला. खानदेशातून पुण्याला जाणाऱ्या मुलांच्या पिढ्यांनी ही कादंबरी स्वतःची मानली, ती बहुधा होस्टेल आणि कॉलेजच्या प्रकरणांसाठी. पण तिच्या मध्यावर धाकट्या बहिणीचं, मनीचं, देवीच्या रोगानं झालेलं मरण आहे. मराठीत शोकावर इतकं उघडं गद्य क्वचितच लिहिलं गेलं आहे. पांडुरंगाचा राग वडिलांवर आहे, घरावर आहे, रोगावर आहे, पण त्या रागाच्या खाली ‘मी तिच्यासाठी काय केलं?’ हा प्रश्न धुमसत राहतो. तो भटकतो, अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जातो, बुद्धाच्या मूर्तींसमोर उभा राहतो. रस्ता, दगड, करुणेचं एवढं मोठं शिल्प, सारं समोर आहे, तरी तो बरा होत नाही. कारण त्याच्याकडे ऐकणारा नाही. मित्र आहेत, पण ते थट्टेचे सोबती. वडील आहेत, पण ते पैशाचा हिशेब विचारणारे. शेवटी नापास होऊन तो गावी परततो आणि जे सांगायचं होतं ते आपल्यालाच, वाचकांना, सांगतो. ‘कोसला’ हा माझ्या म्हणण्याचा उलट बाजूनं मिळालेला पुरावा आहे: ऐकणारा नसेल तर अजिंठ्यासारखी जागाही उपयोगाची नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) अपू कलकत्त्याहून गावी पोहोचेपर्यंत आई गेलेली असते. अपू, श्याम आणि पांडुरंग हे तिघं एकाच शतकातले, शिक्षणासाठी घर सोडलेले आणि मरणाला उशिरा पोहोचलेले मुलगे आहेत. उशीर हा या पिढ्यांचा खास अपराध आहे. शिक्षणानं त्यांना घडवलं आणि त्याच शिक्षणानं त्यांना ऐन वेळी घरापासून दूर ठेवलं.

आता पडद्याकडे येऊ. ‘विहीर’ हा मला या साऱ्या चित्रपटांत सर्वांत पुढे गेलेला वाटतो. समीर आणि नचिकेत ही नात्यातल्या भावंडांची जिवाभावाची जोडी आहे, पत्रांतून वाढलेली. नचिकेतला सारं सोडून निघून जावंसं वाटतं, आणि समीरला ते पटत नाही, कळत नाही, रागही येतो. मग नचिकेत विहिरीत बुडून जातो. समीर स्वतः पोहणारा मुलगा आहे, हा तपशील गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांच्या पटकथेत जिव्हारी लागतो. पोहता येणारा मागे राहिला आणि न येणारा गेला. या टोचणीला घरातल्या विधींत उत्तर नाही, म्हणून समीर निघतो. त्याच्या भटकंतीत त्याला एक म्हातारा धनगर भेटतो, आणि चित्रपटाचं वळण तिथं आहे. धनगर उपदेशाचा मोठा गठ्ठा सोडत नाही. त्याचं चालणं, मेंढरं, मरण-जगण्याकडे पाहण्याची सवय, हे सारं त्या मुलाला बोलायला आणि गप्प राहायला जागा देतं. त्यानंतरच समीर पुन्हा विहिरीकडे वळू शकतो. सुधीर पळसाणे यांच्या कॅमेऱ्यातलं माळरान फार देखणं आहे, यात वाद नाही. पण माळरान समीरच्या वाट्याला आधीही होतं. नव्यानं भेटलं ते माणूस.

‘रिंगण’मध्ये हीच गोष्ट दोन टोकांना विभागली आहे. कर्जानं पिचलेला शेतकरी बाप आणि त्याचा लहानगा मुलगा अभिमन्यू पंढरपूरला जातात. मुलाला आई देवाघरी गेल्याचं सांगितलेलं आहे, म्हणून तो देवाच्या गावात तिला शोधतो. बापाच्या मनात दोन अपराध आहेत: बायकोचं जाणं आणि मुलाला दिलेलं खोटं. शशांक शेंडे यांनी हा माणूस असा उभा केला आहे की त्याचं थकलेपण संवादांपेक्षा खांद्यांतून दिसतं. पंढरपूर इथं चमत्कार करत नाही. तिथल्या गर्दीत भेटलेली, समाजानं बाजूला ठेवलेली माणसं या दोघांना धरतात, आणि मुलगा सत्य पेलायला तयार होतो तेव्हा बाप ते सांगायला तयार होतो. कापसाच्या पट्ट्यातल्या, म्हणजे खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाड्यातल्या, ज्या घरांनी कर्जापायी माणूस गमावला आहे, त्या घरांतल्या मुलांसाठी ही कथा लांबची नाही. ‘किल्ला’ तुलनेनं हलक्या हातानं बनलेला आहे. वडील गेल्यावर आईच्या बदलीबरोबर कोकणात आलेला चिन्मय, किल्ल्यावर मित्रांनी एकट्याला सोडून जाणं, ते विसरणं आणि माफ करणं. इथं अपराधापेक्षा एकटेपण मोठं आहे, पण आई आणि मुलगा एकमेकांचं दुःख मान्य करतात तोच क्षण त्या चित्रपटाचा कणा आहे.

‘हॅप्पी जर्नी’ मात्र माझ्या कसोटीवर उतरत नाही, आणि तो का उतरत नाही हे पाहणं उपयोगाचं आहे. परदेशात पैसा कमावणारा निरंजन वर्षानुवर्षं घराकडे फिरकलेला नाही. बहीण जानकी गेल्यावर तो येतो, आणि मेलेली जानकी त्याला एकट्याला दिसू लागते. मग दोघं गाडीतून प्रवासाला निघतात. कल्पना गोड आहे, अतुल कुलकर्णी आणि प्रिया बापट यांचं काम मनापासून आहे, आणि भावा-बहिणीच्या नात्यावर मराठीत इतका प्रेमळ चित्रपट दुसरा चटकन आठवत नाही. पण ज्याच्याबद्दल अपराध वाटतो त्याच व्यक्तीला परत आणून तिच्याकडूनच हसतमुखानं माफी मिळवणं, ही पटकथेनं काढलेली पळवाट आहे. खऱ्या आयुष्यात गेलेली बहीण गाडीत शेजारी बसत नाही. तिच्या जागी कुणा जिवंत माणसाला बसवण्याचं कष्टाचं काम चित्रपटानं टाळलं. याउलट ‘कासव’मध्ये जगण्यातून उठलेल्या तरुणाला गाडीत घेऊन कोकणात नेणारी जानकी त्याला प्रश्न विचारत नाही, बोलायची सक्तीही करत नाही. तिनं स्वतः नैराश्य पाहिलेलं आहे, म्हणून ती थांबू शकते. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांच्यातली ती शांतता मिळवलेली शांतता आहे, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ या चित्रपटाला योग्यच मिळालं. ‘कारखानीसांची वारी’त थोरल्या भावाच्या अस्थी घेऊन सारं कुटुंब गाडीत बसतं. तिथं सगळे बोलतात, कुणीच ऐकत नाही, आणि घरातली झाकलेली गोष्ट उघड होईपर्यंत कुणाचंच सुतक खऱ्या अर्थानं उतरत नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की, मी चित्रपटाच्या एका परदेशी प्रकाराला ओढूनताणून वारी आणि संतचरित्रात बसवतो आहे. रोड मूव्ही म्हणजे मोटार, महामार्ग आणि एकट्या माणसाचं स्वातंत्र्य. हे अमेरिकी चित्रपटांपैकी काहींबद्दल खरं आहे, पण शोकाच्या प्रवासपटांबद्दल तिकडेही खरं नाही. ‘स्टँड बाय मी’मध्ये (१९८६) थोरला भाऊ गमावलेला गॉर्डी मित्रांबरोबर पायी निघतो, आणि वडिलांना आपण नकोसे आहोत हे तो ख्रिस नावाच्या मित्रापुढे रडून बोलतो तेव्हा त्याचं ओझं उतरतं. वॉल्टर सॅलेस यांच्या ‘सेंट्रल स्टेशन’मध्ये (१९९८) आई अपघातात गेलेला मुलगा आणि रिओच्या स्टेशनवर निरक्षरांची पत्रं लिहून देणारी डोरा ब्राझीलच्या उत्तर-पूर्वेकडे निघतात. डोराचा धंदाच लोकांचं ऐकण्याचा आहे, पण तिनं त्यांतली बरीच पत्रं पोस्टात टाकलेलीच नाहीत. त्या मुलामुळे ती पहिल्यांदा खरं ऐकायला शिकते. म्हणजे प्रकार परदेशी असला तरी त्यातला गाभा आपल्या ताटीच्या अभंगांपासून फार दूर नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘सबर बोंडं’मध्ये कुणी भटकत नाही. वडील गेल्यावर शहरातला आनंद गावी येतो आणि दहा दिवसांच्या सुतकात अडकतो. नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात, विधींचे नियम त्याला बांधून ठेवतात. या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. प्रवासाशिवाय इतकी हळुवार कथा होऊ शकते, तर प्रवास हवाच कशाला? मला वाटतं हा चित्रपट माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट ते नेमकं करतो. विधींनी आनंदचा शोक सांभाळला, पण त्याच्या आयुष्याची न बोललेली बाजू विधींच्या हाती लागणारी नव्हती. ती बालपणीच्या मित्राजवळ, शेतात, शेळ्यांमागे चालताना बोलली गेली. म्हणजे लांब रस्ता आवश्यक नाही, हे मान्य. ऐकणारं माणूस आवश्यक आहे. बहुतेकांना ते घरात सापडत नाही म्हणून रस्ता लागतो, आनंदला ते गावातच सापडलं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळता येत नाही. सगळाच अपराधभाव खोटा नसतो. कुणी खरोखर दुर्लक्ष केलेलं असतं, खरोखर उशीर केलेला असतो. अशा माणसाला बरं करणारा चित्रपट त्याला फुकट सोडून देत नाही का? काही चित्रपट देतात, आणि ‘हॅप्पी जर्नी’बद्दल माझी तक्रार तीच आहे. पण ऐकणं म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे. श्याम बेचाळीस रात्री सांगूनही आपण आईशी चांगले वागलो असं म्हणत नाही. ‘रिंगण’मधला बाप मुलाला सत्य सांगतो तेव्हा त्याचं कर्ज फिटत नाही, बायको परत येत नाही. फक्त पुढचं आयुष्य खोट्यावर उभं करायची गरज उरत नाही. बरं होणं याचा यापेक्षा मोठा अर्थ या चित्रपटांनी सांगू नये आणि प्रेक्षकांनी मागू नये.

आणि मग खानदेश. मुक्ताईचा शेवट, साने गुरुजींची शाळा आणि त्यांना श्रोता बनवणारा तुरुंग, पांडुरंगाचं गाव, एवढा साठा असलेल्या मुलखाचा असा प्रवासपट मुख्य प्रवाहात ठळकपणे दिसत नाही. कोकणचा समुद्र, पुण्याची उपनगरं, पंढरीची वाट पडद्यावर आली. सातपुड्याच्या पायथ्याची केळीची बागायत, शिरपूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, धुळे-जळगावातून सुरत आणि नागपूर जोडणारा महामार्ग, भुसावळ जंक्शन, पुण्याच्या रात्रीच्या गाड्या हे फारसं आलं नाही. खानदेशातून आलेल्या शिवाजी लोटन पाटील यांच्या ‘धग’नं (२०१२) एक दार उघडलं होतं. स्मशानातल्या कामावर पोट असलेल्या घरातला कृष्णा त्या वारशातून सुटू पाहतो. ज्यांच्यासाठी दुसऱ्याचं मरण हीच मजुरी आहे, त्यांना स्वतःचा शोक करायला वेळ कधी मिळतो, हा प्रश्न त्या चित्रपटानं जितक्या थेटपणे विचारला तितका इतर कुणी विचारला नाही. त्याला दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्या वाटेनं पुढे मोजकेच गेले. पलीकडे मालेगावात शेख नासिर आणि मित्रांनी तुटपुंज्या साधनांत विनोदी विडंबनपट उभे केले आणि खानदेशी विनोदाच्या चित्रफिती घराघरांत पोहोचल्या. लोकांना हसायचं आहे, रडवणारं कोण पाहील, असं यावरून म्हटलं जातं. त्याच मालेगावच्या मंडळींवरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ याचं उत्तर देतो. दुरावलेले मित्र आजारी शफीकसाठी पुन्हा एकत्र येतात आणि त्याला नायक करून चित्रपट बनवतात. हसवणाऱ्या माणसांच्या आत हाच अपराध आणि हीच भरपाई होती.

एक उणीव मात्र या साऱ्या आढाव्याला व्यापून आहे आणि ती फक्त खानदेशाची नाही. समीर, चिन्मय, अभिमन्यू, निरंजन, आनंद, श्याम, पांडुरंग, अपू, गॉर्डी, सगळे मुलगे. मुली या कथांमध्ये मरतात किंवा ऐकतात. मनी मरते, जानकी मरते आणि वर समजूतही घालते, दुसरी जानकी सांभाळते, मुक्ताई ताटीबाहेर उभी राहते. अपराधाचं ओझं घेऊन वाटेला लागलेली मुलगी मराठी पडद्यावर शोधावी लागते. वास्तवात ती खानदेशात पिढ्यान् पिढ्या चालते आहे. आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ऐन तारुण्यात विधवा झाली, आणि तिच्या गाण्यांत माहेरची तापलेली वाट आहे, ठेच आहे, स्वतःचं स्वतःलाच समजावणं आहे. ते ऐकणारा सोपानदेव हा मुलगा होता म्हणून ती गाणी वाचली आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीला यंदा दारात आई दिसत नाही, आणि शेवटच्या आजारात आपल्याला सासरहून निघता आलं नाही, हे तिला झोक्यावर बसलेल्या मैत्रिणीखेरीज कुणाला सांगता येत नाही. पटकथेसाठी यापेक्षा अधिक काय हवं?

जळगाव आणि धुळ्याच्या कॉलेजांतून आज मुलंमुली फोनवर लघुपट करतात, स्पर्धांना पाठवतात. त्यांना माझी विनंती आहे. रस्ता आणि ड्रोनमधून दिसणारी तापी नंतर घ्या. आधी ती मुलगी घ्या, तिला तिच्या अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलू द्या, आणि तिच्या समोर एक असं माणूस बसवा जे तिला मध्येच ‘देवाची मर्जी’ म्हणून थांबवणार नाही.